मधल्या खोलीतला वेढा: कोल्हापुरातल्या एका गेममास्तरच्या घराचा प्रकरण अभ्यास

प्रकरणातला माणूस चाळिशीतला. शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न मेकर आहे. फौंड्रीत लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा उमटवतात तो सागवानी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना घडवणं हे त्याचं काम. राहायला मंगळवार पेठेत. घर वडिलोपार्जित: पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि वर पत्र्याची एक खोली, जिच्यात उन्हाळ्यात बसवत नाही आणि पावसाळ्यात बोललेलं ऐकू येत नाही. घरात आई, बायको आणि सहावीतली मुलगी. बायको एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. ही नोकरी या प्रकरणात महत्त्वाची आहे, ते पुढं येईलच.

त्याचं नाव इथं नको. टेबलावर आम्ही सगळे त्याला मास्तर म्हणतो, तेच वापरतो. मी त्याच्याच टेबलावरचा एक खेळाडू. लिहायला घरातल्या तिघींनीही परवानगी दिली आहे, आईंनी एका अटीवर: "माझं बोलणं सुधरून लिवू नको."

छंद टेबलटॉप रोलप्लेइंगचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एक जण गेममास्तर, बाकीच्यांचं प्रत्येकी एक पात्र. मास्तर समोर काय दिसतंय ते सांगतो, आपलं पात्र काय करतं ते आपण सांगायचं, आणि जमेल की नाही याची खात्री नसेल तिथं फासा टाकायचा. पडदा नाही, पट असलाच तर कागदावर काढलेला. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स छापलं तिथून हा प्रकार बाजारात आला. त्याआधी ही मंडळी शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायची. पलटणीऐवजी एकेका माणसाला पात्र केलं आणि खेळ पार बदलला. मास्तरला हे वेड लागलं ते आमच्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापकामुळं. त्यानं एकदा वीस बाजूंचा फासा हातात दिला. पॅटर्न मेकरच्या हातात वीस सारख्या त्रिकोणांची वस्तू दिली तर दुसरं काय होणार? मास्तरनं आधी तो व्हर्नियरनं मोजला, मग खेळ विचारला.

आता आठवडा कसा लागतो ते बघा. मास्तरच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी. बायकोची आणि मुलीची रविवारी. आम्हा खेळाडूंपैकी बहुतेकांची रविवारीच. म्हणजे रविवारची संध्याकाळ ही एकच वेळ अशी, की जेव्हा मास्तर कामावरून आलेला असतो, घरातले सगळे घरात असतात आणि खेळाडूही मोकळे असतात. तीच संध्याकाळ दोन्हीकडून मागितली जायची. आणि सोमवारी मास्तर दिवसभर घरी, पण बायको कामावर, मुलगी शाळेत, आई देवळातून आल्या की वामकुक्षीला. पुष्कळ घरांत छंदावरून कुरबूर होते तेव्हा माणसाच्या स्वभावाची चर्चा होते. माझं मत असं, की आधी सुट्ट्यांचं कॅलेंडर उघडून बघावं.

पण नुसतं कॅलेंडर असतं तर प्रकरण लिहिण्याजोगं नव्हतं. मास्तरचा खेळ पंधरा दिवसांतून एकदा, तीन-साडेतीन तासांचा. एवढ्यानं कुठलं घर मोडत नाही. खेळाच्या मागं जे होतं ते मोठं होतं.

पहिला प्रकल्प पन्हाळ्याचा वेढा. १६६० च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहरनं पन्हाळा वेढला होता आणि १२ जुलैच्या रात्री महाराज राजदिंडीनं उतरून विशाळगडाकडं निघाले, हे कोल्हापुरात शाळेत न जाणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. त्यावर खेळ करायचा म्हणजे दोन अडचणी. एक, निकाल सगळ्यांना पाठ आहे. दोन, श्रद्धेचा विषय आहे. मास्तरनं दोन्हींवर एकच तोडगा काढला, आणि तो मला आजही फार आवडतो. पहिल्याच बैठकीत त्यानं सांगून टाकलं: महाराज कुणाच्याही तोंडून बोलणार नाहीत, बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांच्यासाठी फासा पडणार नाही. जे इतिहासात घडलं ते तसंच घडणार. आपण खेळायचं ते बखरीत नाव नसलेल्या माणसांचं. पालखीचे भोई, वाटाड्या, अंबरखान्यावर धान्य मोजणारा कारकून. महाराज निसटतात हे ठरलेलं आहे, पण तुझा भोई मसाई पठार ओलांडतो का, हे ठरलेलं नाही. मी भोईच होतो.

कल्पना उत्तम, पण मास्तरनं ती सुरू केली १६६० च्या मार्चपासून. गडावरची कोठारं किती, शिबंदीला रोज धान्य किती, तीन दरवाजाजवळची पहारा-बदली, आठवड्याचं हवामान काढायचा तक्ता, गावांची यादी. चार वह्या भरल्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी एक चकमक खेळायला पाच जणांना तासभर सहज लागतो, त्यामुळं एका बैठकीत गडावरचा एखादाच दिवस सरायचा. खरा वेढा चार महिन्यांचा. आमचा त्याहून लांबला, आणि खेळातल्या दिनदर्शिकेत आम्ही अजून मे महिन्यातच घाम पुसत होतो.

दुसरा प्रकल्प भाषांतराचा. जानेवारी २०२३ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालक कंपनीनं, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं, पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुले केले. त्याआधी परवाने आवळायचा तिचा बेत बाहेर फुटला होता आणि खेळणाऱ्यांनी एवढा गिल्ला केला, की तिला माघार घ्यावी लागली. नव्या परवान्यानुसार श्रेय देऊन कुणीही ते नियम भाषांतरित करू शकतो, विकूही शकतो. मास्तरनं हे वाचलं आणि चारशे पानं मराठीत आणायला बसला. जादूचे मंत्र, राक्षस, चिलखतं, सगळं.

तिसरा, रेझिनचे फासे. सिलिकॉनचा साचा करून घरीच ओतायचे. ओतकामाच्या गावातला माणूस, त्यामुळं त्याला यात विशेष गोडी. बिडाच्या ओतकामाचा पॅटर्न करताना सुमारे एक टक्का मोठा धरतात, कारण धातू गार होताना आकसतो; रेझिन किती आकसतं याचे त्यानं वेगळे प्रयोग मांडले. आत बुडबुडा राहिला की फासा एका बाजूला कलतो, म्हणून प्रत्येक फासा मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून टिचकीनं फिरवायचा आणि तोच आकडा वर येतोय का बघायचं. मिठाचं पाणी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात. साचा ओट्यावर. वास घरभर.

चौथा, मधल्या खोलीत थर्माकोलचा पन्हाळा. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं. सहा महिने त्या खोलीत पाहुण्यांना झोपवता आलं नाही.

तक्रार फुटली ती बायकोच्या माहेरी, गडहिंग्लजकडं, म्हाईच्या जेवणाला. पंगती उठत होत्या, तांबडा-पांढरा चालू होता, मेव्हणे बोलावत होते, आणि मास्तर पानावर बसून मोबाइलमध्ये भोयांच्या पाळ्यांचा तक्ता दुरुस्त करत होता. कुणी भांडलं नाही. परत येताना एसटीत आई एवढंच म्हणाल्या, "अंगानं हाय हितं. मन कुठल्या गडावर गेलंय कुणाला ठावं." बायको काही बोलली नाही. मास्तर सांगतो, ते न बोलणं जास्त लागलं.

त्यानंतर घरात दोन उपाय झाले आणि दोन्ही फसले.

पहिला, वेळापत्रक. फ्रिजवर कागद लावला: अमुक वार खेळ, अमुक वार घर. महिनाभर काटेकोर पाळलं. तरी धुसफूस तशीच. कारण कागदावर 'घर' लिहिलेल्या संध्याकाळीही मास्तरच्या डोक्यात भाषांतराचं पान अर्धं राहिलेलं असायचं, आणि ते चेहऱ्यावर दिसायचं. मुलगी गणित विचारायला यायची, तो "हं" म्हणायचा, ती दोन मिनिटं थांबून निघून जायची.

दुसरा उपाय मास्तरचा स्वतःचा. श्रावण लागला तसा त्यानं मटणाबरोबर खेळही सोडला. सगळं गुंडाळून वरच्या पत्र्याच्या खोलीत. हा उपाय तर पहिल्याहून वाईट. गडी चिडचिडा झाला, टीव्हीसमोर बसून राहायला लागला, कारखान्यातून उशिरा यायला लागला. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, त्या गडावर होता तेव्हा निदान जेवताना काहीतरी सांगत तरी होता. आता तर तेही न्हाई."

गणपती गेल्यावर एका सोमवारी तिनं रजा टाकली. मुलगी शाळेत, आई झोपलेल्या. तिनं कोरा फूलस्केप घेतला आणि पतसंस्थेत थकबाकीदारांची यादी करतात तशी मास्तरच्या प्रकल्पांची यादी केली. खातं कधी उघडलं, आजवर किती गेलं, येणं काय आणि मुदत कधीची. पन्हाळ्याची मोहीम, भाषांतर, फासे, थर्माकोलचा गड, शिवाय मास्तरलाही विसर पडलेली तीन-चार खाती: एक अवकाशयानाचा खेळ, कोल्हापूरच्या तालमींच्या फुटबॉलवरचा पत्त्यांचा खेळ, बारा बाजूंच्या लाकडी फाशाचा पॅटर्न. मुदतीचा रकाना सगळीकडं रिकामा.

"वसुलीत आम्ही माणूस किती पैसे उचलतो ते बघत न्हाई," ती म्हणाली, "हप्ता बसलाय का ते बघतो. तुमचा एकाचा पण हप्ता बसलेला न्हाई."

या प्रकरणाचं मर्म मला इथं दिसतं. घराला जाच होता तो कधीच न संपणाऱ्या कामांचा. खेळात गेलेले तास त्यापुढं किरकोळ. संपलेली गोष्ट माणूस टेबलावरून उचलून ठेवतो. न संपलेली त्याच्याबरोबर पंगतीला येते, एसटीत बसते, मुलीच्या गणिताच्या वहीत डोकावते. वेळापत्रकाला ती सापडत नाही, कारण वेळापत्रक तास वाटतं आणि हिला तास लागतच नाहीत. छंद बंद केला तरी ती बंद होत नाही, उलट आणखी कुजते. छंदावर सल्ला देणारे लोक तासांचा हिशेब फार सांगतात. या घरात तो हिशेब करूनही काही हाती लागलं नाही.

त्या दुपारी खात्यांची वर्गवारी झाली. भाषांतर निर्लेखित, म्हणजे बुडीत धरलेलं. मास्तर तळमळला, साठेक पानं झाली होती. पण चारशेतली उरलेली कधी होतील, याचं उत्तर त्याच्याकडं नव्हतं. थर्माकोलचा गड मोडायचा. फासे ओतणं चालू, पण वरच्या खोलीत, सोमवारी, आणि मिठाच्या पाण्याला स्वतःचं पातेलं. सगळी पूर्वतयारी सोमवारी दिवसा. ज्या वेळेला घरात कुणाला तो नको आहे अशी तेवढीच वेळ त्याच्याकडं होती आणि आजवर तो ती झोपून घालवायचा. नवा कुठलाही खेळ एका बैठकीत संपला पाहिजे, फार तर तीन. आणि बायकोची एक वेगळी अट: "मला खेळायचं न्हाई. मला उगंच बसवू नका. फक्त साडेनऊ म्हटलं तर साडेनऊ." नवऱ्याच्या छंदात बायकोनं रमलंच पाहिजे असा एक गोड आग्रह हल्ली फार वाचायला मिळतो. इथं ती रमली नाही, रमणार नाही, आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

एका बैठकीत संपणारा खेळ करायचा तर नियम हलके पाहिजेत. मास्तर दोन साध्या फाशांकडं वळला, सापशिडीतले असतात तसले, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. दोन फासे टाकायचे, बेरीज करायची. दहा किंवा जास्त आले तर हवं ते जमलं. सात ते नऊ आले तर जमलं, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा कमी, तर संकट. ही तीन पायऱ्यांची रचना त्याची नाही. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळापासून ती पसरली आणि पुढं अनेकांनी उचलली. गंमत तिच्या गणितात आहे. दोन फाशांच्या जोड्या ३६. त्यातल्या फक्त ६ जोड्यांत दहा किंवा जास्त येतात, १५ जोड्या सात ते नऊच्या आणि १५ सहा किंवा कमीच्या. म्हणजे निव्वळ यश सहातून एकदा. पात्राला त्या कामाचा सराव असेल तर बेरजेत एक मिळवायचा. मग वरच्या आणि खालच्या पायरीला १०-१० जोड्या आणि मधल्या पायरीला १६. एका आकड्यानं संकटाच्या पाच जोड्या कमी होतात. वीस बाजूंच्या फाशाचं तसं नाही. तिथं प्रत्येक आकडा पाच टक्क्यांचा, एक मिळवला की पाच टक्केच हलतात. मास्तरनं मुलीला हे ३६ चौकोनांचा तक्ता काढून दाखवलं. गणितात "हं" वर परत जाणारी ती हीच. तिनं चौकोन रंगवून तक्ता शाळेत नेला.

मधली पायरी हीच या खेळाची भट्टी आहे. जमलं, पण किंमत मोजून. ती किंमत काय, हे मास्तरला तिथल्या तिथं सुचावं लागतं, आणि ते सुचायला चार वह्या लागत नाहीत, समोरची माणसं लागतात.

त्या नियमांवर केलेला पहिला खेळ पन्हाळ्याचा नव्हता, पुराचा होता. पंचगंगेकाठचं एक काल्पनिक गाव, जुलैची रात्र. कोल्हापुरात पावसाळ्यात माणसं घड्याळ बघावं तसे राजाराम बंधाऱ्यावरचे फूट बघतात: ३९ ला इशारा, ४३ ला धोका. मास्तरनं भिंतीवर कागदाची लांब पट्टी चिकटवली, खाली ३० आणि वर ५०. फासा सहा किंवा कमी पडला की पाणी एक फूट वर. बस्स, एवढीच यंत्रणा. ३९ ला शाळेकडचा रस्ता बंद, ४३ ला पूल. खेळाडू कोण? आम्ही कुणीच नव्हतो. तो सोमवार होता, पावसामुळं शाळेला सुट्टी होती, मुलगी घरात होती आणि आई.

हा भाग मी ऐकीव सांगतोय, पण तिघांकडून वेगवेगळा ऐकला आहे आणि तो जुळतो.

आईंचं माहेर करवीर तालुक्यातलंच, नदीकाठचं. पट्टी बघून त्या पहिल्यांदा म्हणाल्या, "वर आनि चिकटव. पन्नासात कुठं मावतंय?" बरोबरच होतं; २०१९ ला पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं. मास्तरनं पट्टीला जोड दिला. कोण व्हायचं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पैलवान." मुलगी हसून लोळली. पण आज्जींनी पैलवानाचं वजन, खुराक, वस्ताद कोण, सगळं सांगून टाकलं. मुलगी शाळकरी पोरगीच झाली, गावात जिच्या मोबाइलला अजून चार्जिंग आहे अशी एकटी.

मास्तरनं तयारी केली होती होडीची. होडी कुणाची, किती माणसं बसतात, पहिली खेप कुणाची, यावरून ताण निर्माण करायचा. आज्जींनी होडीकडं बघितलंही नाही.

"आधी गोठ्यात चल. दावी सोड."

"आई, पाणी अजून चाळीसला हाय. माणसं आधी—"

"माणूस पवून जातंय. बांधलेलं जनावर बुडतंय. दावी सोड म्हंते न्हवं."

फासे पडले आठ. जमलं, पण किंमत. मास्तर म्हणाला, म्हशी माळाकडं निघाल्या, पण एक रेडकू पाण्यात मागं राहिलं. मुलगी लगेच परत जायला निघाली, मोबाइलच्या उजेडात. मास्तरनं फाशांकडं हात नेला तेवढ्यात आई म्हणाल्या, "त्याला कशाला फासं? रेडकाची आई पुढं वरडली की येतंय ते आपसूक. म्हस फिरवून उभी कर." मास्तर थबकला. वीस बाजूंच्या खेळात तो म्हणाला असता, नियम असा आहे, टाका. इथं त्यानं फासे खाली ठेवले. म्हैस ओरडली, रेडकू आलं.

त्या रात्री त्यानं आपल्या नियमांच्या कागदावर एक ओळ वाढवली: जे टेबलावरच्या कुणाला अनुभवानं ठाऊक आहे, त्यासाठी फासा नाही. मला हा त्याच्या सगळ्या प्रकल्पांतला सगळ्यात मोलाचा नियम वाटतो. चारशे पानांत जादूनं गुरं हलवायचे मंत्र सापडतील. दाव्याचं नाही सापडणार.

खेळ ४४ फुटांवर संपला. पूल गेला, गाव माळावर. आईंना मात्र संपलेलं पटलं नाही; पाणी उतरल्यावर गाळ कोण काढणार, असं त्यांनी विचारलं, आणि पुढं जेवणं होईपर्यंत त्या गाळाबद्दल, भिजलेल्या जोंधळ्याबद्दल, कुणाच्या घरात साप निघाला त्याबद्दल बोलत राहिल्या. बायको ताटं घेत होती. तिनं कित्येक गोष्टी पहिल्यांदाच ऐकल्या. मास्तरनंही.

मग पन्हाळा. आता फक्त १२ जुलैची रात्र, तीन तास, तीन ठिकाणं: राजदिंडी, मसाई पठार, खिंडीच्या अलीकडचा ओढा. चार वह्यांतलं एक पान वापरलं. राजारामपुरीत आमच्यातल्या एकाचं औषधाचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर बसलो. माझा भोई पठारावर घसरला, सात आले, पालखी सावरली पण पाय गेला. त्याला धुक्यात बसवून पालखी पुढं गेली. साडेनऊच्या आत आम्ही खाली उतरून भेळ खात होतो.

सगळं जुळून आलं असं मात्र नाही. ज्यानं मास्तरच्या हातात पहिला फासा दिला तो प्राध्यापक आता येत नाही. त्याला लांबची मोहीम हवी होती. दोन-दोन वर्षं एकच पात्र वाढवत न्यायचं, त्याच्या जखमा, त्याची देणी, त्याची बदललेली मतं. एका रात्रीच्या खेळात ते होत नाही, हे त्याचं म्हणणं खरं आहे. "भावा, तू कादंबरी सोडून चुटके लिहायलायस," असं तो मास्तरला म्हणाला आणि मास्तरला ते झोंबलं. अजूनही झोंबतं. माझा कारकून अंबरखान्यावर काय करत असेल, असं आमच्यातला एक जण अधूनमधून विचारतो, तेव्हा मास्तर विषय बदलतो. घरासाठी केलेल्या तडजोडीत काहीच गमावलं नाही असं सांगणारी वर्णनं मला खोटी वाटतात. इथं एक चांगली मोहीम आणि एक मित्राची बैठक गेली.

भाषांतराचंही पूर्ण खरं सांगायचं तर, एखाद्या सोमवारी ती फाइल उघडली जाते. बायकोला ते माहीत आहे. "निर्लेखित केलं म्हणजे वसुली थांबत न्हाई," ती म्हणते, "फक्त ताळेबंदात धरत न्हाई."

फाशांचं खातं बरं चाललंय. बुडबुडे कमी झाले. कारखान्यातल्या मोल्डिंगवाल्या एका पोरानं साचा हलवून हवा काढायची युक्ती दाखवली आणि आता समोरासमोरच्या बाजूंची बेरीज २१ येते का, हे तपासायचं काम मुलीकडं आहे. चुकीचा आकडा कोरलेला एक फासा तिनं पकडलाही.

या दिवाळीत मास्तर ती झाली आहे. पुढच्या अंगणात किल्ला आहे, पोती, माती, हळीव टाकून. मावळे कुंभार गल्लीतून आणलेले. थर्माकोलच्या गडाचे दोन बुरूज मोडायचे राहिले होते, ते त्यात गाडले. सराव म्हणून तिनं घरच्यांना एकदा खेळवलं. आज्जी पुन्हा पैलवान. मास्तर खेळाडू म्हणून अगदीच वाईट आहे, मध्येच नियम सांगतो. तिसऱ्यांदा बोलला तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, तुमची पाळी न्हाई. मी मास्तर हाय ना? मग मी सांगतो." खरा खेळ तिच्या मैत्रिणींबरोबर आहे, पाच जणी येणार आहेत. मुदत तिला वेगळी घालावी लागली नाही, भाऊबीजेनंतर किल्ला मोडायचाच असतो. पप्पांना त्यात जागा नाही; त्यांनी फक्त सहा मावळ्यांचे हात चिकटवून, रंगवून, सोमवारच्या आत वाळवून द्यायचे आहेत.